उघडं बांधलेलं फाटक

थांबा, मित्रांनो. कडीला हात घालण्याआधी दोन घटका त्या दगडावर टेका आणि माझं ऐकून घ्या.

मी एक जुनं फाटक आहे. डोंगराच्या अंगावर ही जी लांबच लांब दगडी भिंत दिसते ना, तिच्या बरोबर मध्ये मी उभा आहे. माझ्या वरच्या अंगाला कुरण आहे. पार आभाळाला टेकेपर्यंत गवतच गवत. खालच्या अंगाला मेंढवाडा, मेंढपाळाचं दोन खोल्यांचं घर, आणि त्याच्याही खाली शेजाऱ्याचं कोबीचं शेत. बस थांब्यावर उतरून पायवाटेने वर चढत आलं की घर मागे पडतं आणि मग गाठ पडते ती माझ्याशीच.

मी बोलताना कुरकुरतो, त्याला इलाज नाही. वरची बिजागरी गंजली आहे आणि खालची कधीच सैल झाली. तेल घालायला हवं, मला कळतं. पण घालणारी बाई एकटी आणि तिच्यामागे कामं शंभर. तेव्हा कुरकुर ऐकून घ्या, आणि कृपा करून माझ्यावर बसू नका. बसायला दगड आहेत.

माझं लाकूड एका वादळात पडलेल्या झाडाचं. मेंढपाळाच्या बायकोचा भाऊ सुतार होता. त्याने अंगणात माझ्या फळ्या तासल्या, चौकट जुळवली, आणि तिरपी पट्टी ठोकताना आपल्या मेव्हण्याची भरपूर थट्टाही केली.

"दाजी, हे फाटक तुमच्यानंतरही उभं राहील बघा."

"राहू दे की," मेंढपाळ म्हणाला. "मी नसलो तर मेंढ्यांची विचारपूस करायला कुणीतरी नको?"

दोघं खूप हसले होते. मी तेव्हा नवा कोरा होतो, अंगाला रंधा मारल्याचा वास होता, आणि मला वाटलं होतं की फाटकाचं काम म्हणजे उघडायचं आणि मिटायचं, बस्स. त्यात काय एवढं!

पण तसं नसतं, मित्रांनो. फाटकाला वेळ कळावी लागते. मला स्वतःला ती कळत नाही, ती कळायची मेंढपाळाला. सकाळी मेंढ्या कुरणात गेल्या, की तो अंगणात उभा राहून आभाळाकडे बघायचा. आभाळ साफ असलं, तर मला लावून घ्यायचा. म्हणजे मेंढ्या दिवसभर वर चरतील आणि खाली कोबीच्या शेतात तोंड घालायला येणार नाहीत. पण आभाळाची लक्षणं बरी नसली, तर मला सताड उघडायचा, मागे भिंतीशी नेऊन टेकवायचा, आणि भिंतीतल्या खुंटीला लोकरीच्या पिळदार दोरीने बांधून टाकायचा. अशी गाठ मारायचा की वारा जन्मात सोडवणार नाही.

त्याचं कारण सांगतो. डोंगरावर गारांचं वादळ आलं, की मेंढ्यांना कुणी हाकावं लागत नाही. त्या आपणहून उतारावरून खाली धावत सुटतात आणि थेट माझ्यातून मेंढवाड्यात शिरतात. सगळ्यांत पुढे म्होरकी, तिच्या गळ्यात घंटा, आणि त्या घंटेच्या आवाजामागे अख्खा कळप. माणूस दूर असो, जवळ असो, मी उघडा असलो म्हणजे झालं. एवढी साधी गोष्ट. या साध्या गोष्टीवर त्या घराचं सगळं चालत आलं.

माझी चांगली वर्षं तीच. वाटेने तेव्हा फारसं कुणी फिरकत नसे. शेजारचा कोबीवाला, कधी पोस्टमन, कधी लोकर घ्यायला येणारा व्यापारी. सगळ्यांना माझी रीत ठाऊक होती. मी बंद असलो तर उघडून आत यायचे आणि मागे वळून लावायचे. बांधलेला असलो तर गाठीला बोटसुद्धा लावायचे नाहीत. मेंढपाळाची मुलगी लहान होती. ती माझ्या खालच्या फळीवर पाय ठेवून बापाची वाट बघत उभी राहायची. तिचं वजन ते किती, त्याचा मला कधी त्रास झाला नाही.

मग कुणीतरी या डोंगराचे फोटो काढले आणि ते कुठे कुठे पोचले देव जाणे. सुट्टीचे दिवस आले की माणसांची रांग लागायला लागली. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, पायांत भारी भारी बूट. माणसं वाईट नव्हती हो. दमूनभागून वर यायची, "अहाहा, काय हवा आहे!" म्हणायची. पण त्यांना वाटायचं की हा डोंगर म्हणजे बाग आहे आणि मेंढ्या म्हणजे बागेतली सजावट.

काय काय सोसलं म्हणून सांगू? माझ्यावर चढून चौघं-चौघं बसायची आणि फोटो काढायची. तेव्हाच माझी खालची बिजागरी सैल झाली. कुणी चाकूने माझ्या फळीवर स्वतःचं आणि आणखी कुणाचं तरी नाव कोरलं. त्या दोघांचं पुढे काय झालं कोण जाणे, नावं मात्र मी अजून अंगावर वागवतोय. कुणी कोकराच्या मागे धावायचं, ते जीव तोडून पळायचं, आणि धावणारा म्हणायचा, "किती गोड खेळतंय!" अहो, ते खेळत नव्हतं, घाबरलं होतं. कुणी पाव चारायचं. एका मेंढीने खाऊची रिकामी पिशवीच गिळली आणि ती पोट फुगून मेली. मेंढपाळाने तिला उचलून माझ्यातून खाली नेलं. रागावणार कुणावर? पिशवी टाकणारा केव्हाच घरी पोचला होता.

आणि मला उघडं टाकून जाणं तर रोजचंच झालं. एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी कुणीतरी मला तसंच टाकून गेलं आणि सगळा कळप कोबीच्या शेतात उतरला. मेंढ्यांनी अशी मेजवानी झोडली की विचारू नका. कोबीवाला तरातरा वर आला.

"तुझ्या मेंढ्या सांभाळता येत नसतील तर बांधून घाल!"

"अरे, मी लावलं होतं फाटक. माझ्या हाताने लावलं होतं."

"मग काय भुताने उघडलं?"

वर्षानुवर्षांचे शेजारी, एकमेकांच्या सुखदुःखाला धावणारे. पण त्या दिवसापासून कितीतरी महिने बोलेनासे झाले. मेंढपाळाच्या ते जिवाला लागलं. त्याने खालच्या गावातून पाटी रंगवून आणली. पांढऱ्या पाटीवर लाल ठसठशीत अक्षरं: 'फाटक बंद ठेवा'. ती माझ्या छातीवर ठोकली. खिळे आत शिरले तेव्हा दुखलं, पण मला बरंही वाटलं. चला, आता तरी लोक ऐकतील.

आणि ऐकलं की लोकांनी! बहुतेक जण मला नीट लावून जायला लागले. कोबीवाल्याचा राग निवळला. एके दिवशी त्याने भिंतीवर कोबीचा एक गड्डा आणून ठेवला आणि निघून गेला. समेट झाला तो असा.

दिवस गेले. मेंढपाळ म्हातारा झाला. त्याचे गुडघे गेले आणि वर कुरणात जाणं बंद झालं. बायको आधीच गेली होती. धाकटा मुलगा शहरात ट्रक चालवायला लागला. राहिली ती थोरली मुलगी. तिनेच बापाची काठी उचलली आणि कळप सांभाळायला घेतला. म्हातारा अंगणात खाटेवर बसून मेंढवाड्याकडे लक्ष ठेवायचा. साथीला एक झिपऱ्या नावाचा कुत्रा. डोळ्यांवर एवढी केसांची झुलपं की त्याला दिसतं कसं याचंच मला नवल वाटे.

धाकटा अधूनमधून यायचा आणि तेच तेच सांगायचा. "ताई, विकून टाक आता मेंढ्या. बाबांना घेऊन चल माझ्याकडे. एकटीने काय काय करशील?"

"जमतंय तोवर करते," ती म्हणायची. "नाही जमलं तर तुला सांगेन. तेव्हा ट्रक घेऊन ये."

ती माझ्या अंगाला टेकून हे बोलायची, म्हणून मला ठाऊक. रात्री म्हाताऱ्याचे पाय चेपायला घरात तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. सकाळी कडी काढताना तिचा हात जड असायचा. फाटकाला हात ओळखता येतात, मित्रांनो. लहानपणी फळीवर उभ्या राहणाऱ्या त्या पोरीचा हात थकला होता, आणि मीही थकलो होतो. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेत होतो इतकंच.

आता त्या दिवसाचं सांगतो.

सकाळपासून हवा कोंदट होती. ऊन होतं, पण डोंगराच्या पलीकडे ढगांची काळी कड दिसत होती. मुलीने आभाळाकडे पाहिलं, मला सताड उघडलं, खुंटीशी नेलं आणि बापाने शिकवलेली गाठ मारली. मग खाली बघून ओरडली, "बाबा, बांधलंय हो फाटक! लक्ष असू द्या!" म्हाताऱ्याने खाटेवरून हात वर केला. एक मेंढी विणार होती आणि ती नेमकी पार वरच्या कातळापाशी जाऊन बसली होती. म्हणून मुलगी झिपऱ्याला घेऊन वर गेली.

दुपारी डोंगर फिरून एक जोडपं माझ्यापाशी आलं. पिवळ्या टोपीचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. सभ्य माणसं. वाटेत दुसऱ्यांनी टाकलेला कचरा उचलून त्यांनी पिशवीत भरला होता. मेंढ्यांना लांबून वळसा घालून ते उतरले होते. असे पाहुणे असावेत असं मी मनात म्हणतोय, तोच टोपीवाल्यांनी माझी पाटी वाचली. वाचता यावी म्हणून त्यांना भिंतीशी वाकावं लागलं, पण वाचली.

"बघ, लोकांना काही अक्कल आहे का? एवढं स्पष्ट लिहिलंय आणि उघडं टाकून गेले."

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली. "बांधलंय ते. ही गाठ काय वाऱ्याने बसलीये? कुणीतरी मुद्दाम मारलेली दिसतेय."

"मग पाटी काय शोभेला लावलीये?"

ते गाठीशी झटायला लागले. म्हाताऱ्याची गाठ ती! नखं दुखली त्यांची, पण चिवट माणूस. मी ओरडावं तर तोंड नाही. बिजागरी घट्ट धरून बसावं तर ती सैल. फाटकाचा जन्म हा असा असतो. ज्याचा हात लागेल त्याचं ऐकायचं.

तेवढ्यात वर कातळापाशी मुलीने पाहिलं. ती उठून उभी राहिली आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागली. "नकोऽऽ! राहू द्याऽऽ!" पण वारा तिच्याकडे वाहत होता. शब्द तिथेच विरले, खाली पोचले ते फक्त हलणारे हात.

"ती वरची बाई हात का करतेय हो?" बायकोने विचारलं.

"आभार मानतेय बिचारी," टोपीवाले म्हणाले. त्यांनी आपली टोपी काढून तिला छान हलवून दाखवली. मग गाठ सोडली, मला ओढत आणलं, कडी घातली, दोनदा हलवून खात्री केली आणि समाधानाने खाली उतरले.

मुलगी धावत यायला निघालीच होती. पण कोकरू अर्धं बाहेर आलं होतं आणि आईला कळा सोसवत नव्हत्या. सोडून निघावं तर दोन जीव जाणार. ती परत खाली बसली. अजून ऊन आहे, एवढ्यात काही होत नाही, असं तिने स्वतःला समजावलं असेल. डोंगर मात्र कुणाच्या समजुतीसाठी थांबत नाही.

ढग कसा आला ते कळलंच नाही. उजेड गेला आणि गारा सुरू झाल्या, बोराएवढ्या. कळप उतारावरून सुटला. मला म्होरकीची घंटा ऐकू आली. रोज ज्या आवाजाची मी वाट बघायचो, तोच आवाज त्या दिवशी येऊ नये असं मला वाटत होतं. म्होरकी नेहमीच्या भरवशाने धावत आली आणि तिने मला धडक दिली. ती थबकली. तिला काही कळेना. तिच्या मागून दुसरी, तिसरी, मग सगळा कळप माझ्यावर कोसळला. फळ्या करकरल्या. कोकरं पायांखाली आली. मी मोडून पडलो असतो तर किती बरं झालं असतं! पण सुताराने मला चांगलं केलं होतं. मी मोडलो नाही.

तिकडे खाली घरात ते जोडपं गारांतून पळत येऊन आश्रयाला थांबलं होतं. म्हाताऱ्याने त्यांना आत घेतलं, चूल पेटवली, चहा टाकला. पुढचं मला नंतर टोपीवाल्यांच्याच तोंडून कळलं. चहा पिता पिता ते म्हणाले, "आजोबा, तुमचं वरचं फाटक कुणीतरी उघडं टाकून गेलं होतं. आम्ही लावून घेतलं, काळजी करू नका."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "बांधलेलं होतं का?"

"हो. काय घट्ट गाठ होती! सोडता सोडता बोटं सोलवटली."

म्हातारा उठला. ज्याला अंगण ओलांडायला लेकीचा आधार लागायचा, तो डोक्यावर घोंगडी घेऊन गारांत चालायला लागला. टोपीवाले मागे धावले, "आजोबा, अहो कुठे निघालात?" तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मेंढरं सगळी आता फाटकाशी असतील."

मग टोपीवाल्यांना कळलं. ते पुढे पळाले, घसरले, पडले, पुन्हा उठले. त्यांनीच येऊन माझी कडी काढली. पण मेंढ्यांचा भार माझ्यावर होता, मी उघडेना. ते आणि त्यांची बायको दोघांनी खांदे लावून मला रेटलं आणि मेंढ्या लोंढ्यासारख्या खाली शिरल्या. पण म्होरकी त्यांत नव्हती. मी उघडत नाही म्हटल्यावर ती भिंतीच्या कडेकडेने वाट शोधत गेली होती, आणि भिंत जिथे संपते तिथे घळ आहे. घंटेच्या आवाजामागे अर्धा कळप निघाला होता. झिपऱ्या वरून बाणासारखा आला आणि आडवा येऊन त्याने बहुतेकांना परतवलं. सगळ्यांना नाही. घळीतून घंटा वाजल्याचा आवाज एकदाच आला.

मुलगी पोचली तेव्हा गारा थांबत आल्या होत्या. अंगरख्यात ओलं कोकरू, मागून त्याची आई. तिने घळीकडे पाहिलं, बापाला माझ्या खांबाला धरून उभं पाहिलं, आणि मग टोपीवाल्यांना पाहिलं.

"मी घसा फोडून ओरडत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही टोपी हलवत होतात!"

टोपीवाले पाटीकडे बोट करायला गेले आणि हात अर्ध्यातच खाली आला.

म्हाताराच म्हणाला, "पाटी माझी आहे, पोरी. फाटक बंद ठेवा, एवढंच रंगवून आणलं. कधी, ते लिहायचं सुचलं नाही. आपल्याला वाटतं, आपल्याला कळतं ते सगळ्यांना कळतं." आणि तो माझ्या पायाशी चिखलातच बसला. त्याला उचलून खाली न्यावं लागलं.

मित्रांनो, सगळ्यांत वाईट ते पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. मुलीने मला उघडलं आणि मेंढ्यांना साद घातली. एकही मेंढी पुढे येईना. माझ्यापासून दहा पावलांवर सगळा कळप अंग चोरून उभा राहिला. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि थरथरत होत्या. तिने हाकललं, गोंजारलं, मीठ दाखवलं. उपयोग शून्य. पुढे चालणारी म्होरकी नाही, आणि समोर मी, ज्याच्यावर चेंगरून त्यांनी आपली कोकरं तुडवलेली पाहिली. आयुष्यभर ज्यांना वाट दिली, त्या मेंढ्या मला भ्यायला लागल्या. मला उन्हापावसाने जेवढं थकवलं नव्हतं, तेवढं त्या सकाळने थकवलं.

असे काही दिवस गेले. मेंढवाड्यातला चारा संपत आला. कोबीवाला बाहेरची पानं टोपल्या भरभरून आणून टाकायचा, पण त्यावर कळप किती दिवस जगणार? शेवटी एका संध्याकाळी मुलगी माझ्यापाशी उभी राहून फोनवर भावाला म्हणाली, "ये ट्रक घेऊन. नाही जमत आता." फोन ठेवून ती माझ्या फळीवर डोकं टेकून रडली. मोठ्याने रडली. तिला वाटलं असेल, ऐकायला कोण आहे इथे!

भाऊ ट्रक घेऊन आला त्याच सकाळी पिवळी टोपीही वर आली, बायकोसह. टोपी हातात होती. सांगायची गंमत म्हणजे, बायको "मी तेव्हाच सांगत होते" असं एकदाही म्हणाली नाही. त्यावरूनच मला कळलं की त्यांच्या घरातही हे किती खोल लागलं होतं.

"ताई, माफ करा म्हणायलाही तोंड नाही," टोपीवाले म्हणाले. "पण काही करता येण्यासारखं असेल तर सांगा."

"काय करणार तुम्ही?" ती म्हणाली. "ट्रकात चढवू लागा."

तेवढ्यात खाटेवरून म्हाताऱ्याची हाक आली. "चढवायच्या आधी एकदा शेवटचं करून बघू. मला वर न्या. आणि ते कोकरू आणा."

भावाने बापाला पाठीवर घेतलं आणि माझ्या वरच्या अंगाला, कुरणाच्या तोंडाशी बसवलं. मला भिंतीशी बांधलं. म्हाताऱ्याने कोकरू मांडीवर घेतलं, गारांच्या दिवशी जन्मलेलं ते. त्याची आई खाली कळपात उभी राहून हंबरडा फोडायला लागली, पण जागची हलेना. घटकाभराने म्हाताऱ्याचे गुडघे धरले. त्याने कोकरू टोपीवाल्यांपुढे धरलं.

"तुम्ही बसा. मांडी घालून खाली बसा. उभ्या माणसाला मेंढरं भितात. त्याच्या आईच्या डोळ्यांत बघू नका. बोलू नका. आणि घाई करू नका."

"माझ्याकडे कशी येईल ती?" ते घाबरून म्हणाले.

"तुमच्याकडे नाही, पोराकडे येईल. तुम्ही फक्त आडवे येऊ नका."

ते बसले. ऊन चढलं. पायांना मुंग्या आल्या असतील, तरी हलले नाहीत. कोकराने मांडीत मुतून घेतलं, तरी हलले नाहीत. बायकोने तोंडाला पदर लावून हसू दाबलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मुलीच्याही ओठाचा कोपरा हलला. भाऊ ट्रकाला टेकून घड्याळ बघत होता. मी तर श्वासही घेत नव्हतो. एकदा जरी बिजागरी वाजली असती तरी सगळं संपलं असतं.

कोकराला भूक लागली. ते बारीक आवाजात ओरडलं. आई एक पाऊल पुढे आली. पुन्हा मागे गेली. पुन्हा आली. माझ्या उंबऱ्याच्या दगडावर तिचा खूर वाजला, आणि ती अंग आक्रसून, माझ्याकडे न बघता, एका उडीत माझ्यातून पार झाली. टोपीवाल्यांनी अलगद हात सैल केले. कोकरू आईच्या पोटाशी शिरलं. मग मागची एक मेंढी निघाली. तिच्यामागे दोन. आणि मग, मित्रांनो, सगळा कळप माझ्या अंगाला लोकर घासत, धूळ उडवत वर गेला. टोपीवाले तिथेच मांडी घालून बसले होते आणि मेंढ्या दोन्ही बाजूंनी त्यांना ओलांडत होत्या. ते रडत होते. लपवतही नव्हते.

ट्रक रिकामा गेला. जाताना भाऊ बहिणीला म्हणाला, "दर पंधरवड्याला येत जाईन. तेल पण आणतो या फाटकाला." अजून आणलेलं नाही, पण तो येतो मात्र.

ती पाटी टोपीवाल्यांनीच खिळे उपटून काढली. आता ती कोंबड्यांच्या खुराड्याचं झाकण आहे. दुसरी पाटी लावू का म्हणून त्यांनी विचारलं, तर मुलगी म्हणाली, "नको. पाटीला विचारता येत नाही. माणसांनी माणसांना विचारावं."

तर मित्रांनो, मी जुना झालो आहे. माझ्या छातीवर चार खिळ्यांची भोकं आहेत आणि अंगावर दोन परक्या माणसांची नावं. म्होरकी परत येणार नाही. घंटेचा आवाज नसलेल्या संध्याकाळी मला अजून लांब वाटतात. तुमच्यासारखी पुष्कळ माणसं अजून येतात, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक हात कडीकडे आला की मला ती गारांची दुपार आठवते.

पण परवाची एक गोष्ट सांगून तुम्हाला सोडतो. ऊन होतं, पलीकडे ढगाची कड होती, आणि मी भिंतीशी बांधलेला होतो. दोन मुली वर आल्या. एकीने गाठीला हात लावला. मी डोळे मिटून घेतले, फाटकाला डोळे असतील तर. दुसरी म्हणाली, "थांब ना, विचारू या." मग तिने तोंडाभोवती हात धरून वर कुरणाकडे हाक मारली.

"ओऽ ताईऽऽ! हे असंच असू द्यायचं काऽऽ?"

वर कातळापाशी मेंढपाळाची मुलगी उठून उभी राहिली. तिने दोन्ही हात हलवले, अगदी त्या दिवशी हलवले होते तसेच. वारा आजही तिच्याकडेच वाहत होता, तिचा शब्द खाली आला नाही. त्या दोघींनी गाठीवरचा हात काढला, आणि तिला खाली यायला लागू नये म्हणून त्याच वर चढून तिच्याशी जाऊन बोलल्या. परत आल्या तेव्हा माझ्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "असंच."

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. मी बंद असलो तर मागे लावून घ्या. बांधलेला असलो तर तसाच असू द्या. मेंढ्या दिसल्या की वळसा घाला किंवा खाली बसा. आणि कळलं नाही तर हाक मारा, ऐकू आलं नाही तर चार पावलं चढून जा. वर कुणीतरी असतं.

आता उठा. आभाळ बघा, ऊन आहे ना? मग या आत, आणि मागे वळून मला नीट लावा. हळू. ती खालची बिजागरी सैल आहे.